उलटा करून घेतलेला सन लाउंजर

आधी निकाल सांगतो, खटला नंतर. आमच्या बागेतल्या सन लाउंजरचा, म्हणजे उन्हात पाय पसरून पडायच्या लांब आरामखुर्चीचा, सांगाडा ॲल्युमिनियमचा, वर जाळीचं कापड, रंग गडद राखाडी. पाठ पाच टप्प्यांत वर-खाली होते, डोक्याकडच्या पायांना चाकं आहेत. ऊन असो, पाऊस असो, तो बाहेरच असतो. सांगाडा उत्तम, कापड चांगलं, पाठीचा खटका बरा, चाकं भिकार. ज्याला लाउंजर बागेत ठेवून द्यायचाय आणि दर सुट्टीला त्याची चाकरी करायची नाही, त्यानं या प्रकारचा घ्यावा. डोळे झाकून मात्र घेऊ नये. एकाच दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले, दिसायला जुळे भाऊ वाटणारे दोन लाउंजर आयुष्यानं अगदी वेगळे निघू शकतात.

माझी सगळी नोकरी पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये गेली. दारं, खिडक्या, रॅक, सायकलच्या फ्रेमी, काय वाटेल ते भट्टीत घातलंय. त्यामुळे रंगवलेला धातू दिसला की माझा हात आधी त्याच्या खालच्या बाजूला जातो. दुकानातला पोरगा म्हणत होता, "काका, एकदा झोपून तर बघा!" आणि मी तोवर एक लाउंजर जमिनीवर उलटा घालून त्याच्या वेल्डवर बॅटरी मारत होतो. खिशात लोहचुंबक, मोजायची टेप आणि काळा फडका. बायको चार पावलं लांब छत्र्या बघत उभी राहिली, आपला या माणसाशी काही संबंध नाही अशी.

वरून सगळेच लाउंजर देखणे असतात, कारण वरची बाजू रंगवायला सोपी. पावडर कोटिंगमध्ये कोरड्या भुकटीला विजेचा भार देऊन ती फवारतात. अर्थिंग दिलेल्या धातूकडे ती ओढली जाते, चिकटते, आणि मग साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळून एकजीव होते. सपाट भागावर हे काम झकास होतं. पण दोन पाइप जिथे काटकोनात मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात विजेचं क्षेत्र नीट पोचत नाही. भुकटी कोपऱ्याच्या अलीकडेच बसते आणि खोबणीत थर पातळ राहतो. आमच्याकडे नवीन आलेला पोरगा सुरुवातीची सगळी बोलणी या कोपऱ्यांवरूनच खायचा. लाउंजरवर माणूस बसला की सगळा ताण येतो तो नेमका याच सांध्यावर, आणि पावसाचं पाणीही रेंगाळतं ते इथेच. म्हणून उलटा करायचा. पाय आणि आडवा पाइप जुळतो तिथे खालून बॅटरी मारली, की रंग विरळ होऊन आतला धातू डोकावतोय का ते लगेच दिसतं. मी बघितलेल्यांपैकी एका लाउंजरला तिथे चक्क चंदेरी रेघ दिसत होती. वरून तो सगळ्यात चकचकीत होता.

दुसरी फसगत धारदार कडांवर. वितळलेला रंग धारेवरून मागे सरकतो आणि कडेवर थर नावाला उरतो. कापलेल्या पाइपाची कड घासून गोल केलेली असली तर रंग टिकतो. अंगठा फिरवून बघा. बोटाला कड टोचली तर समजा, की ती रंगालाही टोचणार. पृष्ठभागावर बारीक लाटा दिसल्या, ज्याला आम्ही ऑरेंज पील म्हणायचो, तर मात्र नाक मुरडू नका. तो दिसण्यातला दोष, त्यानं गंज येत नाही. टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर तो नग सोडा.

पावडर कुठली वापरली हे विचारायला लाजू नये. इपॉक्सी पावडर कडक असते, चिवट असते, पण ती घरातल्या सामानाची. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्यावर पांढरी पूड सुटते. बाहेर ठेवायच्या वस्तूला पॉलिस्टर पावडरच हवी. विक्रेत्याला बहुधा यातलं काही माहीत नसतं, त्याचा दोष नाही. तिथे काळा फडका कामाला येतो. दुकानाबाहेर उन्हात ठेवलेला नमुन्याचा लाउंजर हा तिथला सगळ्यात प्रामाणिक सेल्समन. त्याच्यावर काळा फडका जोरात घासायचा. फडक्यावर पांढरट भुकटी आली की पुढची बोलणी थांबवायची. (धूळ आधी ओल्या कापडानं पुसून घ्या, नाहीतर बिचाऱ्या पॉलिस्टरवर नाहक आळ यायचा.)

आमच्या धंद्यात फ्लोरिडाचं नाव फार. तिथे ऊन कडक, हवा उष्ण आणि दमट, म्हणून रंगाचे नमुने वर्षानुवर्षं तिथल्या उघड्यावर ठेवून तपासतात. बांधकामातल्या ॲल्युमिनियमवरच्या रंगासाठी क्वालिकोट नावाचं गुणवत्तेचं चिन्ह आहे. त्याच्या पहिल्या वर्गाला फ्लोरिडातलं एक वर्ष काढावं लागतं, दुसऱ्याला तीन आणि तिसऱ्याला दहा. पहिल्या वर्गात थराची सरासरी जाडी किमान ६० मायक्रॉन हवी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फर्निचरवाले असलं चिन्ह क्वचितच लावतात. कुणी लावलं असेल तर त्यानं रंगकामाकडे लक्ष दिलंय एवढं नक्की समजतं. 'वेदरप्रूफ' या छापील शब्दावरून काहीच समजत नाही.

आता धातू. लोहचुंबक चिकटला तर पोलाद. पोलाद वाईट नाही. ताठ असतं, वजनदार असतं, वारा सुटला तरी जागचं हलत नाही. पण त्याचा सगळा जीव रंगाच्या थरात. एक खोल ओरखडा पुरतो, मग गंज रंगाखालून सरकत जातो आणि वर फोड येत राहतात. शिवाय पाइपच्या आतल्या बाजूला रंग नसतोच. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला भोक नसलं की गंज पाइपाला आतून खातो. बाहेरून टवटवीत असलेला पाय एके दिवशी बसल्या बसल्या मोडतो तो असा. पोलादीच घ्यायचा असेल तर आधी जस्ताचा थर दिलेला, त्यावर पावडर मारलेला, आणि पाइपांना तळाशी पाण्याची भोकं ठेवलेला बघा.

ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. हवा लागली की ते स्वतःच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतं आणि तोच त्याला राखतो. वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश, त्यामुळे एकट्या माणसाला उन्हाबरोबर लाउंजर फिरवता येतो. एवढं विक्रेता सांगतो. पुढचं सांगत नाही: ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच असतो. म्हणजे पोलादाच्या मापाचाच पाइप ॲल्युमिनियममध्ये काढला तर तेवढ्याच वजनाखाली तो तिप्पट लवणार. चांगला कारखानदार पाइपाचा घेर वाढवतो, भिंत जाड ठेवतो. वाईट कारखानदार तसं करत नाही आणि वर 'अतिशय हलका' अशी जाहिरात करतो. पायाखालची प्लास्टिकची टोपी ओढून काढली की पाइपाची भिंत किती जाड ते उघड दिसतं. माझ्याकडच्या लाउंजरची जवळजवळ दोन मिलिमीटर आहे. ज्यांची जेमतेम एक होती ते मी तिथेच सोडले.

टोपी काढायला दुकानदार नको म्हणाला तर दुसरी परीक्षा घ्या. लाउंजर सपाट फरशीवर ठेवून त्याचा एकच कोपरा थोडा वर उचला. त्या टोकाचा दुसरा पायही लगेच बरोबर उठला तर सांगाडा ताठ. एक पाय हवेत आणि शेजारचा अजून जमिनीला चिकटून, मधला पाइप पिळवटतोय, असं दिसलं तर ते पिळवटणं रोज होणार. आणि ॲल्युमिनियम पिळवटत राहिलं की तडा जातो तो वेल्डच्या शेजारी, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथला धातू मऊ पडलेला असतो. म्हणून वेल्ड पाइपाच्या सगळ्या बाजूंनी फिरलेलं हवं. वरून एक टाका, खालून एक टाका आणि मध्ये फट, असं असेल तर त्या फटीत पाणीही शिरणार.

स्क्रू हा लहान विषय वाटतो पण मी तिथे बराच वेळ अडलो. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना भिडले आणि मध्ये पाणी आलं, विशेषतः खारं, की झीज सोसतं ते ॲल्युमिनियम. बोल्टाच्या भोवती रंग फुगतो, पांढरी पूड दिसते. मध्ये नायलॉनचा वॉशर घातला की हा त्रास पुष्कळ कमी होतो. नायलॉनचा वॉशर म्हणजे फार काही मोठी गोष्ट नाही, तरी तो घालणारे कमी. आमच्या लाउंजरला आहेत, आणि मी तो घेण्यामागचं ते एक मोठं कारण. दुसरं कारण म्हणजे त्याला रिव्हेट नाहीत. पाठीची बिजागरी, खटका, पाय, सगळं ॲलन कीनं उघडतं. रिव्हेट ढिला झाला की ड्रिलनं उडवण्यावाचून इलाज नाही. बोल्ट ढिला झाला तर पाव फेरा आवळला की संपलं.

समुद्र जवळ असेल किंवा पोहण्याच्या तलावाशेजारी ठेवायचा असेल तर बोल्ट कुठल्या स्टेनलेसचे ते विचारा. ३०४ हे नेहमीचं, ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडसमोर ते जास्त टिकाव धरतं. खाऱ्या हवेत ३०४ वर तपकिरी डाग येतात. लोहचुंबक इथे फारसा उपयोगी नाही, कारण या दोन्हींना तो बहुधा चिकटत नाही, आणि लवकर डागाळणाऱ्या हलक्या २०१ लाही नाही. इथे कागदावर लिहून घेणं हाच उपाय.

बायकोचं मत वेगळं होतं. "अहो, लाकडाचाच बघा ना. हे धातूचं म्हणजे दवाखान्यातली कॉट वाटते." सागवानी लाउंजर सुंदरच होता, त्यात वाद नाही. सागात नैसर्गिक तेल असतं, सिलिका असते. पाणी, बुरशी, वाळवी यांना तो दाद देत नाही ते तेलकट घटकांमुळे, आणि सुताराच्या रंध्याचं पातं लवकर बोथट होतं ते सिलिकेमुळे. पण हे गुण गाभ्याच्या लाकडाचे. झाडाच्या सालीलगतचं फिकट लाकूड सागाचंच असलं तरी बाहेर टिकत नाही. लवकर तोडलेल्या लागवडीच्या झाडात हे फिकट लाकूड जास्त निघतं. युरोपच्या ईएन ३५० या मानकात जंगलातल्या सागाला टिकाऊपणाचा पहिला वर्ग आहे, लागवडीच्या सागाला मात्र पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत कुठलाही. तेव्हा नुसतं 'सागवान' म्हटल्यानं भागत नाही. मी पट्ट्यांच्या खालच्या बाजू बघितल्या. वर सगळ्या एकसारख्या सोनेरी, आणि खाली दोन-तीन पट्ट्यांना कडेनं पिवळट-पांढरा पट्टा. वर रंगाचा हात मारला होता, एवढाच त्या सोनेरीचा अर्थ.

लाकडात सांधा बघावा. खाच पाडून त्यात कुसू, म्हणजे दुसऱ्या तुकड्याचं तासून बारीक केलेलं टोक, घट्ट बसवलेलं असेल तर तो सांधा लाकूड फुगलं-आकसलं तरी धरून राहतो. नुसते स्क्रू पिळलेले असतील तर लाकडाच्या हालचालीनं भोक सैल होत जातं. साधे लोखंडी स्क्रू तर नकोतच. लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडली की भोवती निळसर काळे डाग पडतात आणि ते आत मुरतात. पितळी किंवा स्टेनलेस हवेत. पायाचं टोक, म्हणजे जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात ते, पाणी सगळ्यात जास्त पितं. त्याखाली नायलॉनची टिकली असावी, लाकूड ओल्या मातीवर टेकू नये.

सागाला तेल पाजत बसावं का? माझं मत, नाही. तो उन्हात आपोआप चंदेरी राखाडी होतो. रंग उतरतो तो वरच्या पातळ थराचा, ताकद कमी होत नाही. तेल लावायचं ते सोनेरी रंग राखायला, आणि एकदा सुरू केलं की थांबता येत नाही, कारण मध्येच सोडलं तर चट्टे पडतात. बाजारातलं टीक ऑइल सागाच्या झाडातून काढलेलं नसतं, एवढंही जाता जाता लक्षात असू द्या. धुवायचं ते मऊ ब्रशनं, रेषांच्या दिशेनं. प्रेशर वॉशरचा फवारा मारला की रेषांमधलं मऊ लाकूड उडून जातं आणि कठीण रेषा वर उभ्या राहतात, मग पाठीला टोचत राहतात. बाभूळवर्गी आणि निलगिरीचे लाउंजर सागापेक्षा हलक्या किमतीत मिळतात. त्यांना तेल-रंग नियमित लागतो, आणि तो लावणारा माणूस घरात असेल तर खुशाल घ्यावेत. आमच्या घरी तो माणूस मी, म्हणून घेतला नाही. शेवटी वजनावर तडजोड झाली. सागवानीचं एक टोक बायकोनं उचलून बघितलं, परत ठेवलं, आणि धातूवरचा दवाखान्याचा आरोप मागे घेतला.

प्लास्टिकबद्दल लोक उगाच नाकं मुरडतात. एकसंध साच्यातून काढलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या लाउंजरला ना सांधा, ना स्क्रू, ना गंज. तलावाकाठी तो सगळ्यांना पुरून उरतो. फक्त त्यात अतिनील किरणं सोसणारी द्रव्यं मिसळलेली हवीत. ती नसली की प्लास्टिक आधी निस्तेज होतं, मग त्यावर पूड येते, मग ठिसूळ होऊन एका बैठकीत तडकतं. काळा फडका इथेही चालतो.

वेताच्या विणीचा हवा असेल तर खरा वेत बाहेर नकोच, तो ओल्यानं कुजतो. पॉलिथिलीनचा कृत्रिम वेत चालतो. त्याची एक सुटलेली शेवटाची काडी शोधा आणि कापलेल्या टोकाकडे बघा. आतपर्यंत एकच रंग असेल तर ठीक. आणि त्या विणीखाली सांगाडा कसला आहे तिथे लोहचुंबक लावा, कारण विणीआड गंज वर्षानुवर्षं लपून राहतो.

आता कापड. खरं तर लाउंजर निकामी होतो तो बहुतेक वेळा कापडामुळेच. आमचं कापड म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्यावर पीव्हीसीचा लेप देऊन विणलेली जाळी. पाऊस थांबला की पाणी खाली गळून जातं, थोड्या वेळात बसता येतं. गादी लागत नाही, आणि गादी नाही म्हणजे ती आत-बाहेर करण्याची कटकट नाही. मी इथे दोन गोष्टी बघितल्या. एक, कापड सांगाड्याला कसं धरलंय. आमच्यात कडेच्या शिवणीत बारीक दांडी घातली आहे आणि ती दांडी ॲल्युमिनियमच्या खाचेतून सरकवली आहे. दोन आडवे पाइप सोडवले की कापड बाहेर येतं, नवं घालता येतं. काही लाउंजरना कापड पाइपाभोवती गुंडाळून कायमचं शिवून टाकलेलं होतं. ते कापड फाटलं की चांगला सांगाडाही भंगारात. दुसरी गोष्ट शिवण. कापड सहज टिकतं, पण दोरा साधा असेल तर उन्हानं आधी तोच कुजतो आणि कड उसवायला लागते. दोरा कापडासारखाच उन्हात टिकणारा पॉलिस्टरचा हवा.

मधोमध बसल्यावर कापडाची झोळी होते का हे बघायला शेवटी झोपावंच लागलं. दुकानातला पोरगा खूश झाला. कमरेखाली आडवा पाइप लागला तर कापड आताच सैल आहे, पुढे आणखी सैलावणार.

ज्यांना गादीचाच लाउंजर हवा त्यांनी खोळीचं कापड सोल्यूशन-डाइड ॲक्रिलिक आहे का विचारावं. त्यात रंग धागा तयार होतानाच मिसळलेला असतो, वरून चढवलेला नसतो, त्यामुळे तो उन्हात बराच टिकतो. आतला फोम मोठ्या मोकळ्या छिद्रांचा, पाणी जाऊ देणारा हवा. साधा फोम पाणी धरून ठेवतो, आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या गादीवर बसलं की कपडे भिजतात.

उन्हात पडायचं तर सनस्क्रीन आलं, आणि सनस्क्रीन या कापडांचं वैरी आहे. ॲव्होबेन्झोन हे अतिनील किरणं अडवणारं रसायन असलेल्या सनस्क्रीनचा पाण्यातल्या लोहाशी संबंध आला की गंजासारखे नारिंगी डाग पडतात. त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर ते कमी होण्याऐवजी आणखी पक्के होतात. पांढऱ्या कापडाची हौस असेल तर टॉवेल अंथरायची सवयही ठेवा.

बसण्या-उठण्याचं माप हा विषय जाहिरातीत नसतो. बसायची उंची टेपनं मोजा. जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आतबाहेर असणारे लाउंजर फोटोत ऐटबाज दिसतात, पण गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला त्यातून उठताना हात कुठे टेकवावा हे कळत नाही. आमचा ३८ आहे. मला ठीक, बायकोलाही ठीक, माझ्या आईला तरीही कमी पडला. तिच्यासाठी हात असलेली साधी खुर्चीच बरी, लाउंजरचा हट्ट नाही. लांबी १९० ते २०० पर्यंत असली म्हणजे उंच माणसाच्या टाचा काठावर घासत नाहीत. पोटावर झोपायचं असेल तर पाठ पूर्ण सपाट होते का ते बघा. काहींची शेवटच्या टप्प्यातही थोडी वरच राहते आणि मानेचा काटा ढिला होतो.

घडीच्या तीन भागांच्या हलक्या लाउंजरच्या टोकाला बसून बघा, दुकानातच, कुणीतरी शेजारी असताना. पाय टोकापासून बरेच आत असतील तर पलीकडची बाजू उचलली जाते आणि माणूस घसरतो. बोटं चिमटण्याचंही तसंच. युरोपात बाहेरच्या खुर्च्या-टेबलांसाठी ईएन ५८१ मानक आहे. त्याच्या पहिल्या भागात असल्या चिमटणाऱ्या जागांचा विचार आहे, दुसऱ्यात बसण्याच्या सामानाच्या मजबुतीच्या चाचण्या, आणि वापराचे कॅम्पिंग, घरगुती आणि व्यावसायिक असे प्रकार. लेबलवर 'कॅम्पिंग' लिहिलेला लाउंजर बारा महिने बागेत ठेवून वर कुरकुर करू नये.

पाठीचा खटका आमच्याकडे दातेरी पट्टीत बसणाऱ्या आडव्या दांड्याचा आहे. दोन्ही बाजूंचे दात एकाच वेळी पकडतात, हे महत्त्वाचं. एका बाजूलाच पकडणाऱ्या खटक्यात पाठ तिरकी होत जाते. तक्रार एवढीच की पाठ खाली करायला उठावं लागतं. पडल्या पडल्या हात मागे घालून दांडा सुटत नाही, सुटलाच तर पाठ धाडकन खाली. आणि गडद राखाडी रंग. दुपारी पाइपाला उघडी पोटरी लागली की माणूस ओरडतो. फिकट रंगाचा नग त्या वेळी शिल्लक नव्हता. असता तर थांबून तोच घेतला असता.

चाकांकडे येतो. घेतानाच त्यांच्याबद्दल शंका होती, बाकीचं पटलं म्हणून घेतला. कडक प्लास्टिकची, अरुंद, दांड्यावर बुश (चाक आणि दांडा यांच्यामधली नळी) नाही, बाहेरून दाबून बसवलेली टोपी. हिरवळीवर ती फिरत नाहीत, माती नांगरतात. फरशीवर खडखडाट. एक टोपी उडाली आणि चाक झुडपात गेलं. दुकानात फोन केला तर उत्तर आलं की चाक सुटं मिळत नाही, पूर्ण मागचा पाय घ्यावा लागेल, आणि पाय सध्या उपलब्ध नाही. कापड मात्र सुटं मिळतं, ते त्यांनी लगेच सांगितलं. मी दांड्याचा व्यास मोजला आणि ट्रॉलीची रुंद, रबरी धावेची दोन चाकं आणून बसवली. बाहेरून वॉशर, वर लॉकनट. आता बायको एका हातानं लाउंजर ओढत सावलीत नेते.

वॉरंटीचा कागद तिथेच उभं राहून वाचा. आमच्यात सांगाड्याला मोठी मुदत आहे, कापडाला छोटी, चाकांचा उल्लेखच नाही. रंग 'नैसर्गिक कारणांनी' फिका पडल्यास जबाबदारी नाही, असं एक वाक्य आहे. बाहेर ठेवायच्या वस्तूच्या बाबतीत ऊन सोडून दुसरं कुठलं कारण असणार, ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

देखभाल म्हणाल तर साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं आणि शेवटी साध्या पाण्याचा हात. खरखरीत स्पंज नको, तो रंगावर बारीक ओरखडे पाडतो. ओरखडा खोल गेला तर ॲल्युमिनियमला घाई नाही, पोलादाला त्याच आठवड्यात टचअप. वर्षातून एकदा बोल्ट आवळा, पायाच्या टोप्या काढून आत साचलेली माती झटका. आवरण घालणार असाल तर साधी प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नका. आतली ओल बाहेर जात नाही आणि जाळीवर काळे ठिपके धरतात. हवा खेळेल असं कापडी आवरण घ्या, ते जमिनीपासून वीतभर वर राहू द्या, आणि पाठ थोडी उभी करून मगच चढवा, म्हणजे वर पाणी साचणार नाही.